ठिपक्यांचे केस

हिलालनानांनी मोबाइल हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग पुन्हा लांब धरला. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. डावीकडे टक्कल पडलेला, कष्टी चेहऱ्याचा माणूस. उजवीकडे तोच माणूस, पण डोक्यावर बारीक कापलेल्या दाट केसांची काळसर छटा, अंगात नवा शर्ट आणि तोंडभर हसू. जळगावच्या एका दुकानाची ती जाहिरात होती. डोक्याच्या कातडीवर सुईने रंगाचे बारीक ठिपके टोचायचे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटतं की याने कालच केस एकदम बारीक केलेत, अशी ती विद्या. ती आपल्या चिरंजिवांच्या डोक्यावर चालवून घ्यावी की नाही, यावर धुळ्यातल्या देवपूरच्या त्या घरात चहा झाल्यापासून बैठक बसली होती.

"हाऊ आनि हाऊ, एकच मानूस शे?" नानांनी विचारलं.

"एकच आहे नाना. आधीचा आणि नंतरचा."

"मंग कान कसा काय बदलना?"

स्वप्नीलने फोटो मोठा करून पाहिला. डावीकडच्याची कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, उजवीकडच्याची चांगली सुटी लोंबत होती.

"कॅमेऱ्याच्या कोनामुळे तसं दिसत असेल," तो म्हणाला.

"कान कोनानं बदलत नाही बाप्पा," स्वप्नीलची आई, पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर बोदवड. लग्न होऊन धुळ्याला येऊन जन्म गेला, तरी शंका आली की त्यांची भाषा माहेरी जायची. "अन् हा हसू कायले ऱ्हायला? केस आले म्हनून का नवा शर्ट मिळाला म्हनून?"

नानांनी मोबाइल खाली ठेवला. शेती करत होते तोवर गावातल्या कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी नानांना बाजारात घेऊन जायचा. नाना बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहत, त्याला चालवून पाहत आणि मगच मान हलवत. त्या मानेला पंचक्रोशीत किंमत होती.

"फोटो देखीसन कोनी बैल लेस का रे? दात देखना पडतस."

"नाना, मला बैल घ्यायचा नाहीये."

"माले मालूम शे. तुले सोताले इकनं शे."

स्वतःलाच विकायला काढल्याचं हे बोलणं स्वप्नीलला झोंबलं, कारण ते खरं होतं. ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या दुकानात तो हिशेब पाहायचा. पगार बरा, स्वभाव गरीब, घर स्वतःचं. पण डोक्यावरचं पीक ऐन तारुण्यात बसलं होतं. बायोडेटावर फोटो होता तो केस असतानाचा. त्यामुळे मुली फोटो पाहून येत आणि डोकं पाहून जात. आता बोदवडच्या जीवराममामांनी जळगावचं स्थळ आणलं होतं. मुलीचं नाव हेमांगी, एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी. स्वप्नीलचं तिच्याशी फोनवर बोलणं झालं होतं आणि या वेळी पंचाईत अशी झाली होती की ती त्याला मनापासून आवडली होती. ती बोलता बोलता मध्येच हसायची, आणि ते हसू ऐकू आलं की याला पुढचं वाक्य सुचत नसे. तिचे वडील रूपचंदभाऊ पुढच्या रविवारी घर पाहायला येणार होते. एकदा डोकं दिसलं की ते हसू गेलं, अशी त्याची खात्री होती.

शेवटी नानांनी निकाल दिला. जायला हरकत नाही; पण पहिली बैठक झाली की फोटो पाठवायचा. घरच्यांनी पास केल्याशिवाय पुढची सुई लावून घ्यायची नाही.

जळगावच्या त्या दुकानाचा मालक तौफिक आधी लग्नांचे फोटो काढायचा. आता प्रत्येकाच्या घरात फोटोग्राफर जन्मल्यामुळे त्याने मुंबईला जाऊन हे ठिपक्यांचं काम शिकून घेतलं होतं. दुकान चकचकीत होतं आणि तोंड त्याहून.

"टेन्शन नका घेऊ भाऊ. एकदम नॅचरल. तुमची आईसुद्धा ओळखणार नाही."

"आईने ओळखलं पाहिजे," स्वप्नील म्हणाला. "ते जाहिरातीत दोन फोटो आहेत ना, त्यात कान वेगळे आहेत."

तौफिकने त्याच्याकडे आदराने पाहिलं. "कोणी पकडलं?"

"वडिलांनी."

"मोठी नजर आहे. खरं सांगू का भाऊ, ते फोटो इंटरनेटवरचे आहेत. आपला माणूस अजून व्हायचाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हीच. पहिला मान तुमचा."

इथे स्वप्नीलने उठायला हवं होतं. पण तोवर त्याच्या खांद्यांवर पांढरी चादर पडली होती आणि तौफिक मशीन घेऊन कानामागच्या उरल्यासुरल्या केसांवर उतरलासुद्धा होता. बाजूचे केस मुळापर्यंत काढल्याशिवाय वरचे ठिपके त्यांच्यात मिसळत नाहीत, हे त्याने काम चालू असताना समजावून सांगितलं. मग त्याने ट्यूबलाइटच्या थेट खाली 'आधीचा' फोटो काढला. त्यात स्वप्नीलची टाळू झळकत होती आणि चेहऱ्यावर इंजेक्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची कळा होती.

"जरा हसू का?"

"छे! आधीच्या फोटोत हसायचं नसतं. धंद्याचा नियम आहे."

हात मात्र तौफिकचा खरोखर साफ होता. ठिपका ठिपका करत दुपारपर्यंत त्याने कपाळापासून माथ्यापर्यंत असं काही काम उभं केलं, की आरशात पाहून स्वप्नीलला स्वतःच्या डोक्यावर हात फिरवायचा मोह झाला. तौफिकने तो हात वरच्यावर धरला. मग तो दोन पावलं मागे सरला आणि डोळे बारीक करून पाहू लागला.

"एकच अडचण आहे. मिशी."

"मिशीला काय झालं?"

"फार दाट आहे. तिच्यापुढे डोकं फिकं दिसतं. मी मिशी फिकी करू शकत नाही भाऊ, काढू शकतो."

आणि मिशी गेली. मग तौफिकने खिडकीजवळ नेऊन, मऊ उजेडात 'नंतरचा' फोटो काढला. माथा नीट दिसावा म्हणून मान खाली घालायला लावली, नजर जमिनीकडे ठेवायला सांगितली. डोकं हुळहुळत असल्यामुळे चेहरा आपोआप गंभीर झाला होता. पांढरी चादर खांद्यावर तशीच होती.

फोटो स्वप्नीलच्या मोबाइलवर आला. मागचा भाग अजून बाकी होता, म्हणून मान खाली घालूनच त्याने अंगठ्याने तो घरच्यांना पाठवला, आणि हलू नका म्हणून तौफिकने मोबाइल बंद करून टेबलावर ठेवला. वर एक शब्द लिहायलाही फुरसत मिळाली नाही. यादीत नानांचं नाव होतं आणि त्याच्या खालीच सगळ्या भाऊबंदांचा आणि सोयऱ्यांचा मोठा ग्रुप होता. अंगठा खालच्यावर पडला.

खान्देशात मुलगा डोक्याचा आणि मिशीचा वस्तरा एकदम करून घेतो, खांद्यावर पांढरं घेतो आणि मान खाली घालतो, असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो. बोदवडला जीवराममामा जेवून पान जमवत बसले होते. त्यांनी फोटो उघडला आणि पान खाली पडलं.

"प्रमिला! ओ प्रमिला! इकडी ये. पाय हे काय झालं!"

प्रमिलामामींनी फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! कोन गेलं? आपल्या ताई तं नाही ना?"

मामा चष्मा शोधू लागले. पुष्पाबाई त्यांची सख्खी बहीण. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा केला, कपाळ पाहिलं, माथा पाहिला, मग नाकाखाली येऊन थांबले.

"मिशी नाही," ते म्हणाले. "ताई असती तं मिशी ठेवली असती, मिशी बापासाठीच जाते. हिलालनाना गेले." बहीण वाचल्याचं समाधान त्यांच्या आवाजात क्षणभर डोकावलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं.

"अन् हे पाय," मामी फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "केसाचे खुंट वर आले. म्हंजे वस्तरा आजचा नाही. दहावा होऊन गेला."

इथे मामांचं दुःख संपलं आणि अपमान सुरू झाला. सख्खा मेहुणा गेला, जाळला, दहावा उरकला, आणि माहेरच्या माणसांना निरोप नाही! ग्रुपवर तोवर हात जोडलेल्या चित्रांची आणि भावपूर्ण श्रद्धांजल्यांची रीघ लागली होती. ज्या चुलतभावाने दोन वर्षं नानांशी बोलणं टाकलं होतं, त्यानेही 'दिलदार माणूस हरपला' असं लिहिलं. एवढं लिहिणाऱ्यांपैकी कुणीही फोन करून खात्री केली नाही. पुष्पाबाईंना स्वतःचा मोबाइल नव्हता, स्वप्नीलचा लागत नव्हता, आणि गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर फोन करायला कुणाचं बोट धजावेना. शिवाय दुःखाच्या घरी फोन करून 'कोण गेलं?' असं विचारत नाहीत, दारावर जातात.

मामांनी गाडी काढली. दुखवट्याचं टॉवेल-टोपी घेतलं. राग कितीही असला तरी रीत चुकवून चालत नाही. वाटेत जळगाव लागतंच, म्हणून रूपचंदभाऊंनाही घेतलं. सोयरीक जुळली नव्हती. पण जुळू घातली होती.

"रविवारचं आता राहिलंच म्हणायचं," रूपचंदभाऊ गाडीत बसता बसता म्हणाले. ते कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी केलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. "वर्षभर तरी काही करता यायचं नाही. मुलीला तोवर थांबवायचं म्हणजे..."

गाडी धुळ्याच्या वाटेला लागली.

हिलालनानांची दुपारची झोप झाली होती आणि ते अंगणात बसून दात कोरत होते. मोबाइल आत चार्जिंगला होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि एका बाईने मोठ्याने हेल काढला. रीतीप्रमाणे घर दिसलं की रडायला सुरुवात करायची असते, आणि प्रमिलामामी रीतीला पक्क्या होत्या. नानांना वाटलं, पलीकडच्या घरातलं म्हातारं गेलं. त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, चेहरा लांब केला आणि शेजारधर्म म्हणून गल्लीत येऊन त्या बाईच्या बरोबरीने चालू लागले.

"कोन गयं वं माय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला असल्यामुळे मामींना फक्त पाय दिसत होते. "नाना गेले वो!" त्यांनी टाहो फोडला. "आमचे नाना गेले!"

"कोनता नाना? देवपूरमा ते गल्लोगल्ली नाना शेतस."

"हिलालनाना वो! देवमानूस गेला!"

नाना चार पावलं तसेच चालले. मग थांबले. मामीही थांबल्या, पदर वर केला, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याही रीतीत बसणारा नव्हता. मागून येणारे जीवराममामा टॉवेल-टोपी हातात घेऊन जागच्या जागी खिळले.

"तुम्ही... तुम्ही जिवंत हायेत?"

"मी जित्ता शे, हाई माले मालूम शे," नाना म्हणाले. "तुमले कोनी सांगं, नही म्हनीसन?"

"मंग तसं कळवायचं नाही का?" मामा कडाडले. दहाव्याला न बोलावल्याचा राग आता वापरायला जागा उरली नव्हती, त्यामुळे तो होता तसाच बाहेर आला. "बोदवडहून गाडी करून आलो आम्ही! हिचं रडून रडून डोकं दुखू ऱ्हायलं!"

बरोबर त्याच वेळी बसस्टँडवरून आलेली रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. बसमध्ये स्वप्नीलला झोप लागली होती आणि मोबाइल सुरू करायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. रिक्षातून उतरताच त्याला दिसलं ते एवढंच: घरासमोर माणसं, पांढऱ्या टोप्या, मामाच्या हातात दुखवट्याचा टॉवेल आणि तोंड झाकून हुंदके देणारी मामी. सकाळी आपण हट्टाने निघालो, नानांच्या मनात नव्हतं, आणि आपण त्यांच्याशी धड बोललोसुद्धा नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. ठिपके, फोटो, रविवार, सगळं विरून गेलं. तो "नाना!" असा ओरडला आणि माणसं बाजूला सारत धावला. मध्ये नाना उभेच होते. त्यांना पाहून तो थांबला नाही, तर त्यांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडू लागला.

मुंडण केलेला मुलगा जिवंत बापाच्या गळ्यात पडून रडतोय, हे दृश्य देवपुराने पहिल्यांदाच पाहिलं. नानांचेही डोळे भरून आले. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण मुलगा एवढा रडतोय म्हणजे आपण रडायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं.

"पण हे डोकं कायले केलं?" मामांनी मुद्द्याला हात घातला. "मिशी कायले काढली? बाप जिवंत असतानी?"

रूपचंदभाऊ पाहत होते. पुष्पाबाई दारात आल्या होत्या. स्वप्नीलने टाळूवर हात ठेवला. लग्नासाठी डोक्यावर ठिपके काढून घेतले, हे सासरा होऊ घातलेल्या माणसासमोर सांगायचं कसं? तेव्हा नानांनी, ज्यांनी बाजारात कधी कुणाला खोटा दात खरा म्हणून सांगितला नव्हता, मुलाच्या डोक्याकडे एकवार पाहिलं आणि आयुष्यभराची पुण्याई पणाला लावली.

"एकवीरा मायले नवस व्हता," ते म्हणाले. "मन्ही तब्येत बरी नव्हती. पोऱ्यानी देवीले डोकं दिधं."

"काय सांगू ऱ्हायले!" मामी म्हणाल्या आणि त्यांना दुसऱ्यांदा, या वेळी आनंदाचं, रडू आलं.

मग चहा झाला, पोहे झाले. नानांनी आतून मोबाइल आणवून आपल्यावरच्या श्रद्धांजल्या एकेक करून वाचून घेतल्या. दिलदार म्हणणाऱ्या चुलतभावाशी बोलणं सुरू करायचं त्यांनी ठरवलं, आणि ज्यांनी नुसते हात जोडले होते त्यांची नावं ध्यानात ठेवली. रूपचंदभाऊ बराच वेळ स्वप्नीलकडे पाहत होते. एवढ्या जवळून पाहूनही त्यांना काही संशय आला नाही, इतकं तौफिकचं काम चोख होतं.

"आजच्या काळात बापासाठी डोकं देणारा मुलगा मिळत नाही," ते शेवटी म्हणाले. "माझ्याकडून होकार समजा."

स्वप्नील त्यांच्या पाया पडायला वाकला.

"फक्त एवढंच, की मुंडण केलेल्या डोक्याने साखरपुडा नको. लोक आज काय समजले ते पाहिलंत ना. केस वाढू द्या. बोटात धरता यायला लागले की लगेच करून टाकू. मुलीचा होकारही तेव्हाच विचारू, म्हणजे तिलाही नीट पाहता येईल."

सगळ्यांना ते पटलं. बोटात धरता येतील असे केस, एवढीच अट होती. स्वप्नील आणि पुष्पाबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. नाना चहाच्या बशीत पाहत होते.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. जीवराममामांनी स्थळ आणलेलं, म्हणून केसांची जबाबदारीही त्यांनी अंगावर घेतली. सकाळ झाली की ग्रुपवर त्यांचा हुकूम यायचा, 'डोक्याचा फोटो पाठव.' स्वप्नील पाठवायचा. मग सगळी सोयरी मंडळी कालचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून निकाल द्यायला बसत.

"थोडे आले," मामा कळवत.

"डावीकडून जोर धरलाय," चुलतभाऊ लिहीत. नानांशी त्यांचं बोलणं आता पुन्हा सुरू झालं होतं.

वास्तविक जोर धरायला तिथे काही नव्हतं. कानामागचे खरे केस वाढले की वरच्या ठिपक्यांशी त्यांचा मेळ बसेना, म्हणून स्वप्नील ते गुपचूप मशीनने काढायचा. तरीही पाहणाऱ्यांना रोज वाढ दिसायची. ढगाळ हवेत फोटो काढला की केस दाट ठरत, उन्हात काढला की विरळ. एकदा पुष्पाबाईंनी अंघोळ झाल्याझाल्या फोटो काढला तेव्हा प्रमिलामामींनी 'बोटात सापडतील आता' असं जाहीर करून टाकलं. मामींनी बोदवडहून कसलंसं तेल पाठवलं. त्याच्या चकाकीने दुसऱ्या दिवशीच्या फोटोत डोकं पुन्हा तुळतुळीत दिसलं आणि ग्रुपवर चिंता पसरली. मामांनी सुचवलं, एकवीरेला जाऊन पुन्हा एकदा वस्तरा फिरवून घे, म्हणजे दाट येतील.

"नाना, खरं सांगून टाकू का?" स्वप्नीलने विचारलं.

"देवीनं नाव मी लिधं शे," नाना खिन्नपणे म्हणाले. "आते मी ते तोंड उघडू शकत नही. तू देख."

खरं म्हणजे नानांची झोप उडाली होती. ते रोज संध्याकाळी देवळात जाऊन देवीसमोर उभे राहत, आणि काही न मागता परत येत.

रूपचंदभाऊ हे सगळे फोटो इमानाने मुलीला दाखवत होते; तीही वडिलांना भाऊच म्हणायची. शेवटी एके दिवशी दुकानात हिशेब चालू असताना स्वप्नीलचा फोन वाजला. हेमांगीचा होता.

"एक विचारू का? राग नका मानू," ती म्हणाली. "हे किती दिवस चालणार? आमचे भाऊ रोज सकाळी मला तुमचं डोकं दाखवतात. चहा घशाखाली उतरत नाही."

स्वप्नील दुकानाच्या मागच्या बाजूला, नळ्यांच्या वेटोळ्यांमध्ये जाऊन उभा राहिला. आता खोटं बोललं तर ती आणखी काही दिवस आपली राहील, एवढं त्याला कळत होतं. आणि ती तेव्हाही आपली नसेल, हेही कळत होतं.

"ते केस वाढणार नाहीत," तो म्हणाला.

"का?"

"ते केस नाहीत. ठिपके आहेत. मी टोचून घेतलेत. नवस वगैरे काही नव्हता, नानांनी मला वाचवायला तसं सांगितलं. आणि बायोडेटावरचा फोटोही जुना आहे. मला टक्कल आहे. तुम्ही पाहिलंत की नाही म्हणाल, म्हणून केलं. नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण म्हणा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"टोचायच्या आधीचा फोटो आहे?" तिने विचारलं.

"आहे. पण तो चांगला नाही आलेला."

"पाठवा."

त्याने तौफिकचे दोन्ही फोटो पाठवले. आधीचा ट्यूबलाइटखालचा आणि नंतरचा खिडकीतला. मग तो नळ्यांवर बसून राहिला. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. फोन पुन्हा वाजला तेव्हा तिकडून हसू ऐकू आलं, आणि नेहमीप्रमाणे याला काही सुचेना.

"हा पहिला घाबरलेला माणूस तुम्हीच का?"

"हो."

"मग रविवारी याला तयार ठेवा. हा माणसासारखा दिसतो. दुसऱ्या फोटोतला दहाव्याला बसल्यासारखा दिसतो हो! मला लग्न करायचंय, दारावर नाही यायचं."

"पण तुमचे वडील? ती अट?"

"भाऊंना मी सांगते. नवसाचंही मी सांभाळून घेते, नानांना म्हणावं निवांत झोपा. मिशी मात्र येऊ द्या. आणि ते ठिपके काढून टाका."

स्वप्नीलला हसावं की रडावं ते कळेना. थोडा वेळ त्याने दोन्ही केलं. मग डोळे पुसून त्याने लगेच तौफिकला फोन लावला.

"तौफिकभाई, हे काढता येईल का?"

"काढता?" तौफिकचा आवाज चिरकला. "भाऊ, अहो, तुमचा फोटो पाहून रोज लोक चौकशीला येतायत! एवढं नॅचरल काम मुंबईत होत नाही. कोणी ओळखलं का?"

"कोणीच नाही ओळखलं. म्हणूनच काढायचंय. पाण्याने, साबणाने, कशाने तरी?"

"साबणाने जायला ती काय मेंदी आहे? कंपनीवाले सांगतात, पाच-सहा वर्षांत आपोआप फिकं होतं."

"पाच-सहा वर्षं! अहो, माझं लग्न ठरलंय!"

तौफिक क्षणभर थांबला. पहिल्या गिऱ्हाइकाला नाराज करणं धंद्याला बरं नव्हतं.

"लग्न ठरलंय? मग काळजीच सोडा," तो म्हणाला. "संसारी माणसाचं डोकं तसंही लवकर फिकं पडतं."